रस्त्यावरची नोकरी

शिकागोत दोनच ऋतू असतात, एक हिवाळा आणि दुसरा रस्त्याच्या कामांचा, हा विनोद इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच कानावर पडतो. गेली तीन वर्षं केनेडी एक्स्प्रेसवेवरून ज्यांनी ऑफिस गाठलं, त्यांना तो विनोद वाटतही नसेल. २०२३ मध्ये शहराकडे येणाऱ्या लेन, २०२४ मध्ये मधल्या उलटसुलट दिशेने चालणाऱ्या लेन आणि २०२५ मध्ये शहराबाहेर जाणाऱ्या लेन. या काळात गणपतीच्या आरतीला उशिरा पोचलेल्या प्रत्येकाने एकच कारण सांगितलं.

अशा वेळी मी जरा गप्प बसते, कारण आमचं घर त्या केशरी पिंपांच्या बाजूचं आहे. माझा नवरा महामार्ग-बांधकामात इंजिनिअर आहे. केनेडीवर तो नव्हता, पण तशाच कामांवर त्याची दहा-अकरा वर्षं गेली आहेत.

आपल्या भाषेत 'रस्त्यावर येणं' म्हणजे सगळं गमावून बसणं. त्यामुळे मंडळात नव्या ओळखी होताना "मिस्टर आयटीत का?" या प्रश्नाला "नाही, हायवेवर" असं उत्तर दिलं की समोरच्या ताई क्षणभर थांबतात. मग हळूच विचारतात, "म्हणजे ऑफिसातच ना?" साताऱ्याहून सासूबाईही अजून फोनवर विचारतात, "तुला ऑफिस कधी मिळणार रे?" तो सांगतो, "मिळालंय आई, पण मी तिथे बसत नाही."

या वर्षी मात्र प्रश्नांचा सूर बदललेला दिसला. दोघी-तिघी मैत्रिणींनी विचारलं, "मुलगा सिव्हिलला जायचं म्हणतोय, पुढे काय असतं गं त्यात?" पुण्याहून एका भाच्याचा मेसेज आला, "मामी, मास्टर्स करून हायवेत नोकरी मिळेल का?" म्हणून हा लेख. मी इंजिनिअर नाही. इतिहासात एम.ए. केलं आणि चार वर्षं शाळेत शिकवलं. पण स्वयंपाकघरात उभं राहून रोज संध्याकाळी "आज काय झालं साईटवर?" असं विचारत विचारत जे शिकले, ते इथे मांडते आहे.

रस्त्याच्या खाली काय असतं

आपल्याला दिसतो तो रस्त्याचा फक्त वरचा पापुद्रा. त्याखाली खडीचा थर असतो, त्याखाली दाबून पक्की केलेली माती, आणि या सगळ्यातून पाणी बाहेर काढणाऱ्या सच्छिद्र नळ्या. रस्ता बहुतेक वेळा वरून खराब होताना दिसला तरी दुखणं खालचं असतं. माती नीट दाबली गेली नाही किंवा पाणी अडून राहिलं, की वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी दोन-चार हिवाळ्यांत खड्डा पडतो.

कुठला थर किती जाड हवा याचं आजचं गणित आपल्याच राज्यात उभं राहिलं, हे मला इथे आल्यावर कळलं. स्टार्व्हड रॉकला जाताना जे ओटावा गाव लागतं, त्याच्याजवळ १९५८ ते १९६० या काळात एक अवाढव्य प्रयोग झाला. वेगवेगळ्या जाडीच्या डांबराचे आणि काँक्रीटचे सहा लूप बांधले आणि त्यांतल्या पाचांवर लष्कराच्या जवानांनी दिवसरात्र ट्रक फिरवले. अकरा लाखांहून जास्त वेळा ट्रकचे आस त्या रस्त्यांवरून गेले. आयसेनहॉवर यांनी २९ जून १९५६ रोजी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली होती. देशभर हजारो मैल रस्ते बांधायचे होते आणि ते किती टिकतील हे कोणालाच नेमकं माहीत नव्हतं. या प्रयोगातून ठोकळमानाने असं दिसलं की एका आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुपटीने नाही, सुमारे सोळा पटीने वाढतं. म्हणूनच महामार्गावर ट्रकची वजनं तपासण्याची ठाणी असतात. प्रयोगाची ती जागा पुढे आय-८० महामार्गाचा भाग झाली. आपण तिथून पंचाहत्तरच्या वेगाने कितीदा तरी गेलो असू.

हे सांगायचं कारण असं की या पेशातली बढती बरीचशी या थरांसारखीच असते. खालचा थर सोडून वरचा घालता येत नाही.

पहिली पायरी: बूट, वही आणि पत्र्याचा शंकू

माझ्या नवऱ्याने कराडला सिव्हिल केलं, इथे येऊन मास्टर्स केलं आणि एका सल्लागार कंपनीत लागला. मला वाटलं, आता संगणकावर पुलांची चित्रं काढेल. पहिल्याच आठवड्यात तो स्टीलच्या टोकाचे बूट, हेल्मेट आणि चमकणारा पिवळा-हिरवा जॅकेट घेऊन आला. हुद्दा होता इन्स्पेक्टर. सरकारच्या वतीने साईटवर उभं राहायचं आणि कंत्राटदार जे करतो ते नकाशा आणि नियमांप्रमाणे होतंय का ते पाहायचं, हे काम.

काँक्रीटचा ट्रक आला की त्याचा नमुना घ्यायचा. बारा इंच उंचीच्या पत्र्याच्या शंकूत तो तीन थरांत भरायचा, प्रत्येक थर सळईने पंचवीस वेळा कोचायचा, मग शंकू सरळ वर उचलायचा. ढीग किती इंच खाली बसला त्यावरून काँक्रीट किती पातळ आहे ते कळतं. दुसऱ्या भांड्यात दाब देऊन त्यात हवा किती टक्के आहे ते मोजायचं. शिवाय त्याचे सिलिंडर भरून ठेवायचे, म्हणजे पुढे प्रयोगशाळेत ते चिरडून ताकद तपासता येते. डांबराचं शास्त्र वेगळं. ते साधारण दीडशे अंश सेल्सिअसला तयार होऊन येतं आणि थंड होण्याआधी रोलरने दाबावं लागतं. ते किती दाबलं गेलं हे मोजायला एक पिवळ्या पेटीतलं यंत्र असतं, न्यूक्लिअर गेज. किरणोत्सर्गाचं ते चिन्ह पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याला घरात शिरू देण्याआधी दहा प्रश्न विचारले होते! त्यातल्या किरणांवरून डांबराची घनता कळते. ती जास्तीत जास्त शक्य घनतेच्या साधारण ९३ ते ९७ टक्के यावी लागते. यंत्र वापरणाऱ्याच्या शर्टाला एक छोटा बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले याचा हिशेब त्या बिल्ल्यात राहतो.

ही सगळी कामं ऐकायला हमालीची वाटतात. मास्टर्स झालेल्या मुलाने उन्हात काँक्रीट कोचायचं? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग एका जुलै महिन्यातली गोष्ट त्याने घरी येऊन सांगितली.

एका रॅम्पचं काँक्रीट ओतणं चालू होतं. नवऱ्याला नोकरीत नऊ महिने झाले होते. एका ट्रकच्या नमुन्यात हवा कमी भरली. आपल्याकडे रस्त्याच्या काँक्रीटमध्ये साधारण ५ ते ८ टक्के हवा लागते आणि ती मुद्दाम घातलेली असते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटमधल्या सूक्ष्म बुडबुड्यांत त्या फुगण्याला जागा मिळते. जागा नसेल तर पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटायला लागतो, पण ते दिसतं तीन-चार हिवाळ्यांनंतर. त्या दुपारी ते काँक्रीट डोळ्यांना अगदी उत्तम दिसत होतं.

याने पुन्हा नमुना घेतला. पुन्हा कमीच. कंत्राटदाराचा फोरमन पन्नाशी उलटलेला होता. तो म्हणाला, "तुझं वय आहे त्यापेक्षा जास्त वर्षं मी काँक्रीट ओततोय." मागे ट्रकची रांग होती, उन्हात काँक्रीट आवळत चाललं होतं, आणि हा परक्या उच्चारात इंग्रजी बोलणारा पोरगा 'नाही' म्हणत होता. ट्रक परत गेला. पुढच्याही ट्रकमध्ये हवा कमीच निघाली, तोही परत गेला. मग प्लांटवर फोन झाले, मिश्रण सुधारलं आणि त्यानंतरचा ट्रक बरोबर निघाला. मधल्या दोन तासांत वीस माणसं हात बांधून उभी होती आणि त्या खोळंब्याचं बिल डोक्यात सगळेच मांडत होते. फोरमनने त्याच्या साहेबांना फोन केला, साहेबांनी याच्या साहेबांना. याचे वरिष्ठ आले. त्यांनी वही मागितली. ट्रकचा नंबर, वेळ, तापमान, पहिलं माप, दुसरं माप, सगळं लिहिलेलं होतं. ते एवढंच म्हणाले, "वहीत आहे ना? मग विषय संपला."

त्या रात्री तो जेवताना नेहमीपेक्षा कमी बोलला. पण पुढच्या आठवड्यापासून फोरमन त्याला 'किड' म्हणायचा बंद झाला आणि नावाने हाक मारायला लागला. या क्षेत्रातली पहिली बढती ती होती, असं मला वाटतं. पगारपत्रकात ती दिसली नाही.

दुसरी पायरी: जे लिहिलं नाही, ते झालं नाही

भारतातल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप वही असते. इथेही तिचंच राज्य आहे, फक्त आता ती बरीचशी टॅब्लेटवर गेली आहे. महामार्गाच्या करारात शेकडो बाबी असतात. डांबर टनावर, काँक्रीटचा पृष्ठभाग चौरस यार्डावर, नळ फुटावर. प्रत्येक बाबीचे पैसे मोजमापावर दिले जातात आणि ते मोजमाप इन्स्पेक्टरच्या नोंदीवर उभं असतं. डांबराच्या ट्रकबरोबर वजनाची चिठ्ठी येते. ती हरवली तर तेवढं डांबर रस्त्यात असूनही कागदावर नसतं.

हा जनतेचा पैसा असल्यामुळे इलिनॉयच्या परिवहन खात्याचं या नोंदी कशा ठेवायच्या याचं वेगळं प्रशिक्षण आहे, त्याची परीक्षाही असते. काँक्रीट आणि डांबराच्या चाचण्यांचे अभ्यासक्रम मॅटूनच्या लेक लँड कॉलेजात होतात. माझा नवरा ऐन थंडीत तिथे जाऊन राहिला होता. पदवीला भाव आहेच, पण कामावर कोणाला पाठवायचं हे ठरवताना कंपनी या छोट्या छोट्या प्रमाणपत्रांची यादी आधी बघते. नव्याने येणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

तीन-चार वर्षं नोंदी, चाचण्या, बिलं यांत मुरलेल्या माणसाला मग लहान कामाचा आणि पुढे मोठ्या कामाचा रेसिडेंट इंजिनिअर नेमतात. नावात 'रेसिडेंट' असलं तरी तो तिथे राहत नाही, पण जवळजवळ राहतोच! साईटवर तो मालकाचा, म्हणजे सरकारचा, माणूस. नकाशात गॅसची नळी चार फुटांवर दाखवलेली असते आणि खणताना दोन फुटांवर सापडते. कोणाच्या घरासमोरचा रस्ता उखडलेला असतो आणि त्यांच्याकडे शनिवारी लग्न असतं. कंत्राटदार म्हणतो, हे जादा काम आहे, जादा पैसे द्या. करार म्हणतो, हे त्यातच धरलेलं आहे. या सगळ्यांत निर्णय द्यायचा आणि तो का दिला ते संध्याकाळी डायरीत लिहायचं. शाळेत मी मुलांना सांगायचे, नुसतं उत्तर लिहू नका, पायऱ्या लिहा. ती सवय माझ्या नवऱ्याच्या कामात इतकी मोलाची ठरेल असं वाटलं नव्हतं.

जाता जाता एक गंमत. आपल्या अंगणात कधी कधी रंगीत रेघा आणि झेंड्या दिसतात ना? खोदाईच्या आधी जमिनीखालच्या वाहिन्यांवर खुणा करतात त्या. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, केशरी म्हणजे फोन आणि इंटरनेट. आमच्या लेकीला रंग मी यावरूनच शिकवले. आपणही अंगणात झाड लावण्यासाठी खड्डा खणणार असाल तर आधी ८११ ला फोन करा. सेवा मोफत आहे.

तिसरी पायरी: शिक्का

डॉक्टरांना परवाना लागतो हे आपल्याला माहीत असतं. इंजिनिअरलाही लागतो, हे मला इथे येऊन कळलं. १९०७ मध्ये वायोमिंगने या देशात पहिल्यांदा तसा कायदा केला, कारण तिथे पाटाच्या पाण्याच्या अर्जांवर कोणीही उठून इंजिनिअर म्हणून सह्या करत होतं. आता प्रत्येक राज्यात तो आहे. परवाना मिळालेला माणूस पी.ई., म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर. त्याचा स्वतःचा शिक्का असतो आणि त्याने शिक्का मारलेल्या कागदाची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या नावावर असते.

वाट अशी आहे. आधी एफ.ई. ही परीक्षा: ११० प्रश्न, संगणकावर, गणितापासून मातीच्या शास्त्रापर्यंत सगळं. ती पदवीच्या शेवटच्या वर्षातच देऊन टाकावी. नोकरी, लग्न, मूल यांच्या मधोमध आठ वर्षांपूर्वीचं कॅलक्युलस उकरून काढणं फार जड जातं, हे मी जवळून पाहिलं आहे. मग परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली साधारण चार वर्षांचा अनुभव. राज्याराज्यांत नियम थोडे वेगळे असतात, ते त्या त्या राज्याच्या मंडळाकडून पाहून घ्यावेत. आणि मग पी.ई.ची परीक्षा: ८० प्रश्न, जवळजवळ पूर्ण दिवस. सिव्हिलमध्ये तिच्या पाच शाखा आहेत, त्यांत बांधकाम ही एक आणि वाहतूक ही दुसरी. महामार्गाची माणसं बहुधा या दोनांतली एक घेतात.

भारतातून पदवी घेऊन आलेल्यांना आणखी एक पायरी असते. या परीक्षा घेणारी संस्था, एनसीईईएस, पदवीचं मूल्यमापन करते. आपल्या विद्यापीठातून गुणपत्रिका सीलबंद मागवाव्या लागतात, विषयांचे तास मोजले जातात आणि कधी कधी एखाद-दुसरा विषय कमी भरतो. विद्यापीठाकडून कागद यायला किती महिने लागतील हे देवालाच ठाऊक. तेव्हा भाचे मंडळी, निघायच्या आधीच गुणपत्रिकांच्या जादा प्रती आणि अभ्यासक्रमाची पुस्तिका बरोबर घ्या.

नवरा पी.ई.चा अभ्यास करत होता तेव्हा आमची लेक दीड वर्षाची होती. तिला झोपवून मी रात्री कार्डं हातात घेऊन त्याला प्रश्न विचारायची. इतिहासाची बाई उताराचे अंश आणि क्रेनचं वजन विचारते आहे, अशी ती शिकवणी! शिक्का पोस्टाने घरी आला तेव्हा सासूबाईंच्या सांगण्यावरून आम्ही तो देवापुढे ठेवला होता.

वाटा तीन, पण पूल जोडलेले

या क्षेत्रात काम करायच्या जागा मुख्यतः तीन. एक, सरकारी खातं: राज्य, काउंटी किंवा शहर. पगार खासगीपेक्षा थोडा कमी, पण पेन्शन आणि स्थैर्य. व्हिसावर असणाऱ्यांनी मात्र अर्ज करण्याआधीच अटी विचारून घ्याव्यात. दोन, सल्लागार कंपनी: सरकारसाठी आराखडे आणि देखरेख करणारी. परदेशातून आलेली बरीच मुलं इथून सुरुवात करतात. तीन, कंत्राटदार: फील्ड इंजिनिअर, मग निविदेचे आकडे काढणारा एस्टिमेटर, सुपरिंटेंडंट, प्रोजेक्ट मॅनेजर. धावपळ सर्वात जास्त आणि चांगल्या वर्षी पैसाही जास्त. लोक एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि ते वाईट समजलं जात नाही. सरकारी बाजूने दहा वर्षं काढलेला माणूस कंत्राटदाराला हवाच असतो.

पगाराचं विचारणार तुम्ही, मला माहीत आहे! २०२३ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे सिव्हिल इंजिनिअरचा मध्यम वार्षिक पगार सुमारे ९६ हजार डॉलर होता. आयटीतल्या मोठ्या आकड्यांशी त्याची तुलना होणार नाही. पण आयटीत कपात झाली तेव्हा आपल्याच मंडळातली किती घरं हादरली तेही आपण पाहिलं. २०२१ च्या नोव्हेंबरात झालेल्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने पाच वर्षांत महामार्गांसाठी सुमारे ३५० अब्ज डॉलर ठेवले. तसा कायदा दर वेळी होईलच असं नाही, पण सहा-सात दशकांपूर्वी बांधलेले रस्ते पुन्हा बांधावे लागणारच. केनेडी १९६० सालचा आहे.

संयम मात्र हवा. डाउनटाउनजवळचं जेन बर्न इंटरचेंज आठवा. तिथलं काम २०१३ च्या अखेरीस सुरू झालं आणि २०२२ च्या डिसेंबरात संपलं. खर्च सुमारे ८० कोटी डॉलर. नऊ वर्षं! पदवीच्या सुट्टीत तिथे लागलेला एखादा मुलगा, काम संपेपर्यंत परवाना घेऊन दुसऱ्यांना शिकवण्याइतका मोठा झाला असेल.

घराची बाजू

आता जे कोणत्याही जाहिरातीत नसतं, ते. वर्दळीच्या महामार्गावर लेन रात्रीच बंद करू देतात. त्यामुळे संध्याकाळी आठला डबा घेऊन निघायचं आणि पहाटे पाच-सहाला परत. अशा महिन्यांत आमच्या बेडरूमला जाड काळे पडदे असतात आणि लेक चवड्यांवर चालायला शिकते. दुसरं म्हणजे दिवाळी. आपली दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि नेमका तोच काळ सीझन संपण्याचा. जमीन गोठायच्या आत, डांबराचे प्लांट बंद व्हायच्या आत काम उरकायचं असतं. आमच्याकडे लक्ष्मीपूजन दोन वर्षं दुपारी चारला झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, मुहूर्त?" म्हटलं, आमचा मुहूर्त लेन बंद करायच्या परवानगीवर ठरतो. याची भरपाई जानेवारीत होते. बाहेर बर्फ असतो आणि नवरा साडेचारला घरी. लेकीचं गणित, आठवड्याची भाजी आणि राहिलेली प्रशिक्षणं सगळी तेव्हा.

आणि भीती. ती सवयीची होत नाही. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षांत या देशात रस्त्याच्या कामांच्या टापूत दर वर्षी ८०० हून जास्त माणसं गेली. त्यांतले बहुतेक गाड्यांमधले लोक, पण कामगारही असतातच. २६ मार्च २०२४ च्या पहाटे बॉल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल जहाज धडकून कोसळला, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पुलावर त्या वेळी खड्डे बुजवणारी टोळी होती: सात कामगार आणि एक इन्स्पेक्टर. सहा कामगार गेले. सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोट भरायला आलेले, आपल्यासारखेच परदेशी. इन्स्पेक्टर धावत पुढच्या भागावर पोचला म्हणून वाचला. त्या आठवड्यात माझा नवरा रात्रपाळीलाच होता. तो निघताना मी काही बोलले नाही, फक्त जॅकेटवरच्या चमकत्या पट्ट्या धुऊन स्वच्छ केल्या. पट्टी मळली की दिव्यात कमी चमकते.

तेव्हा एक विनंती. पिंपं दिसली की वेग कमी करा, फोन खाली ठेवा. तिथे कोणीच काम करताना दिसलं नाही तरी.

आपल्या घरातल्या मुलामुलींसाठी

हे क्षेत्र आपल्या लोकांना परकं नाही. १९२७ साली भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचं नाव आहे, तेच. त्या समितीच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही विभागणी १९४३ साली नागपुरात जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी आखून दिली. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि १८८४ साली नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. तेही साईटवरूनच.

मंडळातल्या एका मैत्रिणीच्या मुलीने गेल्या उन्हाळ्यात परिवहन खात्यात इंटर्नशिप केली. घरात सगळे साशंक होते. पहिल्या दिवशी तिला मिळालेलं जॅकेट गुडघ्यापर्यंत येत होतं, कारण मुलींच्या मापाचं साईटवर नव्हतंच. तिने दोन आठवडे बाह्या दुमडून काढले आणि मग लेखी मागणी केली. आता तिच्या मापाची तीन जॅकेटं तिथल्या कंटेनरमध्ये टांगलेली आहेत, पुढच्या मुलींसाठी. उन्हाळाभर ती माती दाबल्याच्या चाचण्या करत होती. तिची आई मला म्हणाली, "आता गाडीतून जाताना ती रस्त्याकडे बघते, फोनकडे नाही."

उन्हाळ्यातल्या या जागांच्या जाहिराती बऱ्याचदा आदल्या हिवाळ्यातच येतात, हे लक्षात ठेवा. पहिली नोकरी घेताना पगाराबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या वर परवानाधारक इंजिनिअर कोण असेल, आणि तो साईटवर येतो का? कॉलेज नको असलेल्या मुलांसाठी अवजड यंत्रं चालवण्याच्या आणि सर्वेक्षणाच्या शिकाऊ योजना आहेत. त्यांत शिकताना पगार मिळतो. त्या फोरमनसारखी माणसं अशीच तयार होतात आणि माझा नवरा काँक्रीटबद्दल जे शिकला त्यातलं निम्मं त्यांच्याकडून.

अधिक काही विचारायचं असेल तर मला दिवाळीच्या कार्यक्रमात गाठा, फराळाच्या टेबलाजवळ मी असेनच. नवऱ्याला गाठायचं असेल, तर मात्र डिसेंबर उजाडू द्या.